ओरखडा, चरा आणि चीर

आमच्या हॉस्टेलच्या खोलीत तीन गोष्टींना हात लावायची बंदी आहे. एक, माझी ड्रॉइंगची शीट. दोन, रूममेटच्या आईने दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. आणि तीन, कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवलेलं वल्हं. पहिल्या दोन बंद्या नावापुरत्याच आहेत. शीट अख्ख्या विंगने ट्रेस करून झाली आहे आणि लाडवांचं तर काही विचारूच नका! तिसरी बंदी मात्र सगळ्यांनी पाळली होती. ती मी मोडली. हा लेख त्याबद्दल आहे.

आता इंजिनिअरिंगच्या मुलींच्या खोलीत वल्हं कशाला, असं तुम्ही विचाराल. आणि तेही संभाजीनगरात, जिथे नळाला पाणी कधी येणार यावर मेसमध्ये पैजा लागतात! तर माझी रूममेट चांदवड तालुक्यातली. अकरावी-बारावीला नाशिकला असताना ती कयाक चालवायला शिकली. कयाक म्हणजे ती निमुळती, लांबलचक, जरा हललं की उलटणारी होडी. रोइंगवाले पाठमोरे बसून वल्हवतात, कयाकवाले तोंड पुढे करून. हा फरक तिने मला पहिल्या आठवड्यातच पाठ करून घेतला होता. चांदवड म्हणजे दुष्काळी भाग, तिथे पाण्यावरचा खेळ कुठून आला, असं कोणी म्हटलं की ती एकच नाव घेते : दत्तू भोकनळ. तळेगाव रोहीचा हा मुलगा विहिरी खोदायच्या कामावर जायचा. २०१२ साली सैन्यात गेला, तिथे रोइंग शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये चौघांच्या बोटीत सुवर्णपदक घेऊन आला. "आमच्या तालुक्याचा आहे तो," हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणते की आता ती "आमच्या" म्हणाली की पुढचं आम्हीच म्हणतो.

तिचं वल्हं कार्बन फायबरचं. दोन्ही टोकांना पाती असलेलं, जवळजवळ सात फुटांचं, आणि वजन पाऊण किलोच्या आसपास. पाती सपाट नाहीत, विमानाच्या पंखासारखी वळवलेली आहेत. या आकाराला विंग म्हणतात. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये तो निघाला आणि काही वर्षांतच शर्यतीत जुनी सपाट पाती दिसेनाशी झाली. नवं वल्हं परवडणारं नव्हतं, म्हणून तिच्या वडिलांनी एका सीनियर खेळाडूकडून वापरलेलं विकत घेतलं. त्या वर्षीच्या कांद्याची पहिली पट्टी आली, ती सगळीच्या सगळी त्यात गेली. पट्टी म्हणजे बाजार समितीत माल विकल्यावर मिळणारा हिशेबाचा कागद, हेही मला तिच्याकडूनच कळलं. मी कॉन्व्हेंटची. माझ्या डोक्यात पट्टी म्हणजे हात पुढे करायला लावून सिस्टर मारायच्या ती.

जानेवारीत रूममेट संक्रांतीला घरी गेली. फेब्रुवारीच्या शेवटी तिची निवड चाचणी होती आणि इथूनच परस्पर जायचं होतं म्हणून वल्हं खोलीवरच ठेवलं होतं. नेमकी तेव्हाच आमच्या गॅदरिंगच्या नाटकाची तालीम चालू होती आणि त्यात मी होते नावाडी! झाडूच्या दांड्याला पुठ्ठा लावून मी वल्हवत होते. दिग्दर्शिका (सेकंड इयर, कॉम्प्युटर) म्हणाली, "फील येत नाहीये." मला वाटलं, खऱ्या वल्ह्याने येईल. एकाच तालमीपुरतं. तिला कळणारही नाही.

गच्चीवरून उतरताना जिन्याच्या वळणावर माझा पाय सटकला. मला काही झालं नाही. वल्हं मात्र लोखंडी रेलिंगवर आपटलं आणि बोल्टच्या डोक्यावरून खरडत खाली गेलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

खोलीत येऊन दिव्याखाली पाहिलं. तीन खुणा. पात्याच्या पाठीवर लांब, बारीक रेघा. पात्याच्या टोकाला कडेवरचा एक टवका उडालेला. आणि दांडा जिथे पात्याला मिळतो, त्या मानेवर दोन सेंटीमीटरची एक आडवी खूण.

मग मी काय केलं? सांगायला लाज वाटते, पण सांगते. काळ्या मार्करने तिन्ही खुणा रंगवल्या आणि वरून पारदर्शक नेलपॉलिश लावलं. लांबून छान दिसत होतं. जवळून सबमिशनच्या आदल्या रात्री केलेल्या जर्नलसारखं.

*

त्या सेमिस्टरला आमचा मिनी प्रोजेक्ट शेंद्र्याला होता. जालना रोडने चिकलठाणा विमानतळ मागे टाकून पुढे गेलं की शेंद्रा लागतं. गावाला ते मांगीरबाबाच्या चैत्रातल्या जत्रेसाठी माहीत, आणि आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना पंचतारांकित एमआयडीसीसाठी. २००१ साली स्कोडाच्या गाड्या जुळवायला सुरुवात झाली ती इथेच. आता पलीकडे ऑरिकचे रुंद रस्ते झालेत. पण आमचा प्रोजेक्ट अशा कुठल्या मोठ्या गेटच्या आत नव्हता. एका मागच्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा माणसांचं फायबरचं युनिट होतं. कूलरच्या बॉड्या, बसचे पॅनल, टाक्यांची झाकणं. दर शनिवारी आम्ही तिथे जाऊन झाकणांची जाडी कमी करता येईल का, याची मोजमापं घ्यायचो.

तिथले मिस्त्री काका आम्हाला फार आवडायचे. आयुष्यभर साच्यावर मॅट अंथरून रेझिन मारत आलेला माणूस. बोटांच्या टोकांवर ठसे उरलेले नाहीत, त्यामुळे रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून वैतागलेला. त्या शनिवारी मी वल्हं चादरीत गुंडाळून रिक्षातून तिरकं धरून घेऊन गेले.

काकांनी चादर सोडली आणि पहिलं बोट ठेवलं ते नेलपॉलिशवर.

"हे कशाचं लावलंस?"

"नेलपॉलिश."

"नखाला लावत जा पोरी. हिला कामून लावलंस?"

मी म्हटलं, "काका, स्क्रॅच पडलेत. रिपेअर होतील का?"

"स्क्रॅच म्हणजे? ओरखडा आहे, का चरा आहे, का चीर आहे?"

मी गप्प. माझ्याकडे एकच शब्द होता. इंग्रजी माध्यमात बारा वर्षं घालवून, मटेरियल सायन्सच्या पेपरात साठच्या वर मार्क काढून, माझ्याकडे या तीन गोष्टींसाठी एक 'स्क्रॅच' होता. काकांकडे तीन वेगळे शब्द होते आणि त्या प्रत्येकाचं काम वेगळं होतं. ओरखडा म्हणजे फक्त वरच्या पारदर्शक थरावरची रेघ. नख फिरवलं तर अडकत नाही. चरा म्हणजे नख अडकतं, थर फोडून खाली गेलेलं. चीर म्हणजे आतले धागे तुटलेत किंवा थर एकमेकांपासून सुटलेत. आणि कडेचा तुकडा उडाला तर तो टवका. "पहिलं नाव ठेव," काका म्हणाले, "मग औषध."

इथे थोडं पुस्तकातलं सांगते. कंटाळा आला तर पुढे जा, पण व्हायवाला उपयोगी पडेल! कार्बनचा एक धागा साधारण सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या जवळपास दहाव्या हिश्श्याचा. त्याची घनता १.८ च्या आसपास, पोलादाची ७.८. म्हणूनच बोइंग ७८७ च्या सांगाड्याचं वजनाने सुमारे निम्मं मटेरियल हे असं संमिश्र असतं. ओढ सहन करतात ते धागे. त्यांना जागच्या जागी धरून ठेवतं ते इपॉक्सी रेझिन. आणि इपॉक्सीला ऊन सोसत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी ती पिवळी पडते, खडूसारखी भुसभुशीत होते. म्हणून सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, आपण आंब्याच्या लोणच्यावर तेल ठेवतो तसा. ओरखडा त्या तेलावरच राहिला तर लोणचं सुरक्षित.

पण धातू आणि कार्बन यांच्यात एक वाईट फरक आहे. पत्र्याला मार बसला की पोचा पडतो, म्हणजे तो निदान कबूल तरी करतो. कार्बनला मार बसला तर वरून काही दिसत नाही आणि आतले थर सुटलेले असू शकतात. मग एखाद्या दिवशी जोर पडतो आणि काही न सांगता मोडतं.

काकांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं. पात्यावर टकटक करत पुढे सरकले. टण, टण, टण. मग दुसऱ्या, न पडलेल्या पात्यावर त्याच जागी. टण, टण, टण. थर सुटलेले असले की आवाज बसका येतो, जसा पोकळ फरशीवर येतो. वल्ह्याचं बरं असं की त्याला दोन सारख्या बाजू असतात. एक बाजू आजारी असेल तर दुसरी तुलनेला तयार. आमच्या लॅबच्या भाषेत, कंट्रोल स्पेसिमेन फुकट!

पाठीवरच्या रेघा : ओरखडे. टोकाचा टवका : वरवरचा, आवाज चांगला. मान : काकांनी तिथे चार वेळा वाजवलं. दुसऱ्या बाजूला चार वेळा. परत पहिल्या बाजूला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आवाज तसा बरा आहे," ते म्हणाले. "पण दांडा इथे जाड होतो, जोडही इथेच आहे, नाण्याचा भरवसा नाही. आणि हा चरा आडवा आहे."

आडवा म्हणजे काय ते मला लगेच कळलं. दांड्यातले बहुतेक धागे लांबीच्या दिशेने धावतात. उभा चरा दोन धाग्यांच्या मधून जातो. आडवा चरा धागे कापतो. आणि मान ही वल्ह्यावर सगळ्यात जास्त ताण येणारी एक जागा.

*

दुरुस्ती कशी केली ते सविस्तर लिहिते, कारण बॅडमिंटनच्या रॅकेटपासून सायकलच्या फ्रेमपर्यंत कार्बनच्या वस्तू आता हॉस्टेलमध्येही दिसतात.

आधी साबणाच्या पाण्याने धुतलं. मग फडक्यावर थोडंसं अॅसिटोन घेऊन माझं नेलपॉलिश आणि मार्कर पुसलं. भिजत ठेवायचं नाही, एका हातात पुसून मोकळं व्हायचं. खुणांच्या भोवती मास्किंग टेप लावली, म्हणजे चांगला भाग खराब होणार नाही. मग वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायचं. सहाशे नंबरने सुरुवात, मग आठशे, मग हजार. पाण्यातच घासायचं, कारण कार्बनची धूळ नाकात गेली तर वाईट, अंगाला लागली तर खाज, आणि ती वीज वाहून नेते म्हणून स्विचबोर्डच्या आसपास तर नकोच. आम्ही हातमोजे आणि मास्क घालून शेडच्या बाहेर बसलो होतो.

"पाणी बघ," काका म्हणाले. पांढऱ्या चिंधीवर दुधासारखं पांढरं पाणी येतंय तोवर आपण वरच्या थरात आहोत. काळं यायला लागलं की थांबायचं. काळं म्हणजे धागे. धागे घासून कोणी दुरुस्ती करत नाही. ओरखडे पांढऱ्या पाण्यातच गेले.

टवक्यासाठी इपॉक्सी लागली. काकांचं रोजचं काम पॉलिएस्टर रेझिनचं. त्यात हार्डनर दोन थेंब जास्त पडला तर माल लवकर वाळतो, इतकंच. (त्यातही कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत ओतायचे नाहीत, भडका उडतो. हे त्यांनी आम्हाला पहिल्याच शनिवारी दम देऊन सांगितलं होतं.) इपॉक्सीचं गणित वेगळं. तिथे रेझिन आणि हार्डनर एकमेकांना जोडीने धरतात. हार्डनर जास्त झाला तर उरलेल्याला जोडीदार मिळत नाही आणि काम कायमचं मऊ राहतं. शेडमध्ये साच्यासाठी आणलेला एक डबा होता, त्यावर वजनाने शंभराला दहा असं प्रमाण होतं. आम्ही छोट्या काट्यावर दहा ग्रॅम आणि एक ग्रॅम मोजून घेतलं. पॉलिएस्टर वापरून चाललं नसतं का, असं मी विचारलं. वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही, पापुद्रा होऊन निघतं. उलटं मात्र चालतं.

लावण्याआधी एक गंमत पाहिली. घासलेल्या जागेवर त्यांनी पाणी शिंपडलं. पाणी सपाट पसरलं. "थेंब झाले असते तर अजून तेलकट आहे म्हणून परत धुवायला लागलं असतं." मग कोरडं करून, आगकाडीच्या टोकाने इपॉक्सी भरली, थोडी वर येईल अशी, आणि वर पारदर्शक फाइलचा तुकडा ताणून टेपने बसवला. फाइलच्या प्लॅस्टिकला इपॉक्सी चिकटत नाही आणि पृष्ठभाग काचेसारखा येतो. जानेवारीची थंडी, इपॉक्सी हळू वाळणार, म्हणून खोका उलटा ठेवून आत पिवळा बल्ब लावला. बल्ब जरा लांब, कारण घरगुती इपॉक्सी जास्त तापली की मऊ पडते. काळं वल्हं मे महिन्यात गाडीच्या काचेमागे ठेवू नये ते याचसाठी.

"मान पण भरून टाका ना," मी म्हटलं. "काहीच दिसणार नाही असं करा."

काका हात पुसत होते. ते म्हणाले, "दिसणार नाही असं मी करतो. एवढं चांगलं करतो की तुलाही सापडणार नाही. पण हे आहे कोणाचं?"

मी सांगितलं.

"तिला माहीत आहे?"

मी काही बोलले नाही.

"मग मानेला मी हात लावत नाही. वाईट दुरुस्ती केली तर तिला दिसेल, ती विचारेल. चांगली केली तर ती तशीच पाण्यात जाईल. आतलं मला दिसत नाही पोरी. ती जोर लावेल तेव्हा हे धरेल का, हे मी सांगू शकत नाही. ज्याचा जोर, त्याला माहीत पाहिजे."

परतताना कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकवून बसले होते. वल्हं काकांकडे खोक्याखाली होतं. रूममेट रविवारी रात्री येणार होती आणि कपाटाची वरची बाजू रिकामी होती. चिकलठाण्यापर्यंत मी तीन खोट्या गोष्टी तयार केल्या. खरं सांगते, तिसरी तर फारच चांगली होती. त्यात माकड होतं.

पण सारखं तेच डोळ्यांपुढे येत होतं : स्टार्टचा इशारा, तिचा पहिला पूर्ण ताकदीचा ओढा, आणि मानेतून तो आवाज. कयाकमध्ये वल्हं हाच तोल असतो. ते गेलं की होडी उलटते. शर्यत तर गेलीच.

शनिवारी रात्री मेसच्या मागे जाऊन फोन केला. सगळं सांगितलं. नावाडी, जिना, मार्कर, नेलपॉलिश. तिकडे टीव्हीचा आवाज येत होता, कोणीतरी जेवायला हाका मारत होतं. ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ठेव फोन. जेवून करते."

तो अर्धा तास मला एटीकेटीच्या रिझल्टपेक्षा मोठा वाटला.

फोन आला. तिने शिव्या दिल्या नाहीत. पहिला प्रश्न विचारला, "मानेचा आडवा आहे का उभा?"

"आडवा."

"हं." आणि जरा वेळाने, "पप्पांना काही सांगू नकोस."

*

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी शेंद्र्याला गेलो. रिक्षात ती माझ्याशी बोलली नाही. काकांशी मात्र पाच मिनिटांत तिचं जमलं. दोघं मानेवर वाकून मी तिथे नसल्यासारखे बोलत होते. टवका भरून आला होता. आठशे, बाराशे, दोन हजार नंबरच्या पेपरने घासून, रबिंग कंपाउंडने चमकवून, वर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातलं ऊन सोसणारं दोन भागांचं क्लिअर ब्रशने लावलं. स्प्रे मुद्दाम नाही केलं, त्या हार्डनरची वाफ छातीत जाणं धोक्याचं असतं.

मानेचा निर्णय तिने घेतला. "भरू नका काका. नुसतं क्लिअर लावा, पाणी आत जाऊ नये म्हणून. चरा दिसू दे. झाकला तर वाढतोय का ते मला कसं कळणार?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले काही नाही.

हॉस्टेलवर येऊन आम्ही गच्चीवर एक प्रयोग केला. वल्हं मधोमध कठड्यावर दोन उश्यांच्या मध्ये घट्ट बांधलं. एका बाजूला मानेशी दहा लिटर पाण्याची बादली टांगली आणि दांडा किती वाकला ते पट्टीने मोजलं. मग बाजू बदलली, अंतर तेच, बादली तीच. चांगली बाजू १९ मिलीमीटर. पडलेली बाजू २० मिलीमीटर. आमच्या पट्टीचा लीस्ट काउंट एक मिलीमीटर, म्हणजे फरक आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही. शिवाय ताठरपणा सारखा आहे म्हणून ताकद सारखीच असेल असं नसतं. दोन-चार टक्के धागे कापले गेले तर वाकण्यात ते कळणारही नाही, पण मोडण्याची सुरुवात तिथूनच होईल. हे वाक्य तिनेच म्हटलं आणि पट्टी खाली ठेवली. बादलीतलं पाणी आम्ही कुंड्यांना घातलं. आमच्याकडे पाणी फेकत नाहीत.

सरावाला हे आणि चाचणीला दुसरं, असं तिने ठरवलं. तिच्या कोचनी एक जुनं वल्हं दिलं. लांबी किंचित वेगळी, पातं वेगळं. हाताला बसायला तिच्याकडे तीन आठवडे होते.

फेब्रुवारीच्या शेवटी चाचणी झाली. चौघी घेणार होते. ती पाचवी आली.

तिने मला मेसेज केला : "५." नुसता आकडा. मी त्याच्यावर काय लिहायचं हे दोन तास ठरवत बसले आणि शेवटी काहीच लिहिलं नाही.

तिच्या हातात तिचं वल्हं असतं तर ती चौथी आली असती का? मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "चौथीचा स्टार्ट माझ्यापेक्षा चांगला होता." इतकंच. हे खरं असेल किंवा तिने माझ्यासाठी पात्यावरच्या टवक्यासारखं भरून काढलेलं असेल. वरून गुळगुळीत आहे, मी नख फिरवून बघत नाही.

गॅदरिंगला मी झाडूच्या दांड्यानेच होडी वल्हवली. लोकांना फील आला म्हणे. दिग्दर्शिकेला उत्तेजनार्थ मिळालं.

मिनी प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये झाकणांची जाडी कमी करण्याबद्दल सगळं लिहिलं. शेवटच्या शनिवारी काकांना रिपोर्टची एक प्रत द्यायला गेलो. त्यांनी पानं उलटली, आकृत्या बघितल्या आणि विचारलं, "ती मान कशी आहे?"

दर महिन्याच्या एक तारखेला ती मानेवरच्या चऱ्याशेजारी पट्टी ठेवून मोबाइलने फोटो काढते. आतापर्यंत दोन सेंटीमीटरच आहे. फोटो काढायला टॉर्च तिरपा धरावा लागतो. तो मी धरते.

या सुट्टीत तिने गोदावरीत पुन्हा सराव सुरू केलाय. तेच पाणी पुढे वाहत पैठणला नाथसागरात येतं आणि तिथून आमच्या नळाला. अर्थात आलं तर!

वल्हं अजून कपाटावरच असतं, त्याच चादरीत. मला वाटलं होतं की ती आता ते कुलपात ठेवेल. ठेवलं नाही.